डबल बेलशिवाय

धम्मपाल गांगुर्डेची आणि माझी ओळख त्याच्या गाडीच्या बंपरखाली झाली. संध्याकाळची नाशिक-हरसूल मुक्कामी एसटी बंद होणार अशी बातमी होती आणि आम्ही पंधरा-वीस जण स्टँडच्या गेटात आडवे पडलो होतो. दुसरा एखादा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला असता. हा खाली उतरला, मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावला आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसला.

"नेते, अंदाजे किती वेळ लागेल?" त्याने विचारलं. "वाघेऱ्याच्या घाटात धुकं उतरतं. उशीर झाला तर मला सावकाश जावं लागेल. मग हरसूलच्या बाया मला बोलतील, तुम्हाला नाही."

मी चिडून म्हणालो, "तू कोणाच्या बाजूने आहेस ते सांग आधी."

"मी ड्रायव्हर आहे. गाडी ज्या बाजूने निघेल त्या बाजूने."

गाडी चालू राहिली. श्रेय मी घेतलं, आजही घेतो. तेव्हापासून तो मला नेतेच म्हणतो आणि त्यातला टोमणा माझ्या कानातून बारा वर्षांत कधी सुटलेला नाही.

मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी शहरातून निघणारी आणि पहाटे गावातून परत येणारी. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गावातच झोपतात. धम्मपालच्या अठ्ठावीस वर्षांतल्या बहुतेक रात्री हरसूलला गेल्या. त्याची बायको रोहिणी सातपूरच्या एका कारखान्यात होती. विजेची बटणं बनवतात तिथे. तिचं काम तपासणीचं. पट्ट्यावरून बटणं येत राहायची आणि त्यातलं खोटं बटण नजरेने उचलून बाजूला काढायचं. सव्वीस वर्षं तिने तेच केलं. सकाळी सातची पाळी. तो घरी पोचायचा तेव्हा ती गेलेली असायची, ती यायची तेव्हा तो निघायच्या तयारीत. दुपारी चार ते पाच, चहाच्या वेळेला दोघं भेटायची. त्यांची एकुलती एक मुलगी तेजस्विनी म्हणते, "आमच्या आई-पप्पांचा संसार रोज एक तासाचा."

त्या एका तासात धम्मपाल एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा. रिटायर झालो की तुला शेजारी बसवीन आणि मी गाडी चालवीन. मागे पॅसेंजर नाही, टपावर कोंबड्यांची पाटी नाही. नुसतं तू आणि मी.

रोहिणीवहिनी त्याच्या एसटीत एकदाच बसल्या होत्या, त्र्यंबककडच्या एका लग्नाला जाताना. चौथ्या रांगेत. समोर पाटी लावलेली, गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. "मग काय," त्या मला म्हणाल्या होत्या, "तासभर यांच्या मानेकडे बघत बसले."

आता डोळ्याचं सांगतो, कारण ते आधी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलं असताना नेहमीच्या तपासणीत धम्मपालला काचबिंदू निघाला. समोरचं सगळं स्वच्छ दिसायचं, पण कडा गेली होती. डावीकडची जास्त. डावीकडून कोणी आलं तर ते अगदी समोर येईपर्यंत त्याच्यासाठी नसायचंच. डॉक्टरांनी थेंब दिले आणि गाडी सोडायला सांगितली. डेपोने त्याला गेटवर बसवलं, आतबाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. त्याने घरी सांगितलं, सिनियर झालो म्हणून दिवसाची ड्युटी दिली. खाकी तीच, डबा तोच. थेंबांची बाटली डब्याच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात. खरं काय ते फक्त त्याचा कंडक्टर निवृत्ती याला माहीत होतं. निदान धम्मपालची तशी समजूत होती.

रोहिणीवहिनींना माहीत होतं. खोटं बटण नजरेने उचलणारी बाई ती. नवऱ्याचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागायला लागला, डाव्या हाताला ठेवलेला तांब्या दोनदा सांडला, हे तिच्या पट्ट्यावरून कसं निसटेल? ती पाण्याचा तांब्या उजवीकडे ठेवायला लागली आणि रस्त्याने चालताना नवऱ्याची बाजू बदलून डावीकडून चालायला लागली. तो सांगत नाही म्हणजे त्याला सांगायचं नाही, आणि त्याला सांगायचं नसेल तर मी कशाला विचारू, असा तिचा हिशेब. मला हा हिशेब पटत नाही. माझ्या घरात असं काही झालं असतं तर गल्ली गोळा झाली असती.

रिटायर होऊन वर्ष झालं आणि तेजस्विनीने आई-पप्पांना श्रीलंकेला न्यायचं ठरवलं. ती पुण्याला एका कंपनीत आहे. अनुराधापूरचा बोधिवृक्ष बघायचा, हे रोहिणीवहिनींच्या मनात कित्येक वर्षांपासून होतं. त्या रविवारी मी त्यांच्याकडेच होतो. तेजस्विनी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती, वहिनी मेथी निवडत होत्या.

"पप्पा, फिरायचे तीन प्रकार आहेत," तेजस्विनी म्हणाली. "एक, तिथली बस आणि रेल्वे. दोन, ड्रायव्हरसकट गाडी. तीन, नुसती गाडी भाड्याने घ्यायची, आपण चालवायची."

"नुसती."

"मी अजून पुढचं वाचलंच नाही."

"वाच की. पण नुसती. तिथे पण आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात, विचारलंय मी."

"ड्रायव्हर घेतला तर तुम्हाला आराम पडेल."

"मी दुसऱ्या ड्रायव्हरच्या शेजारी बसू? तो घाट चढवणार आणि मी काय खिडकीतून फोटो काढू?"

वहिनी मेथीवरून नजर न काढता म्हणाल्या, "बसने जाऊ. मला छोट्या गाडीत मळमळतं."

"तुला?" धम्मपाल हसला. "सव्वीस वर्षं कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर आदळत गेलीस."

"ती मोठी गाडी. मला छोटीत मळमळतं."

"छोटीत बसलीस कधी?"

"म्हणूनच."

मला राहवलं नाही. मी सुरू झालो की बस हीच खरी, देश बघायचा तर त्या देशाच्या बसमध्ये बसावं, भाड्याच्या गाडीत बसून माणूस फक्त स्वतःलाच बघतो, वगैरे. पाचेक मिनिटं बोललो असेन.

"नेते," धम्मपाल म्हणाला, "इथे गेट नाही. आडवे पडू नका."

तेजस्विनी हसली. वहिनी हसल्या नाहीत. "खरंच बसने जाऊ," त्या पुन्हा म्हणाल्या. "सगळ्यांबरोबर बरं वाटतं."

तेव्हा धम्मपालचा चेहरा उतरला. "अठ्ठावीस वर्षांत एक ओरखडा नाही माझ्या नावावर," तो म्हणाला. "अख्ख्या तालुक्याला माझा भरवसा होता. तुलाच नाही का?"

वहिनी मेथीची परात उचलून आत गेल्या. बोलल्या असत्या तर अडीच वर्षं झाकलेलं उघडं पडलं असतं, तेही मुलीसमोर आणि माझ्यासारख्या तोंडाळ माणसासमोर. गाडी नुसतीच घ्यायची ठरली.

परदेशात चालवायचं तर वेगळा परवाना लागतो आणि परवान्यासाठी डॉक्टरचा दाखला. दाखल्याला मी त्याच्याबरोबर गेलो होतो. डोळ्याचं तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. एका गाळ्यातला डॉक्टर, पुढे दहा जणांची रांग. त्याने मान वर केली नाही. "दिसतं ना?" "दिसतं." ठप. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्याच्या टेबलावर मूठ आपटली असती. असले शिक्के मारणाऱ्यांशी भांडण्यात माझी निम्मी हयात गेली आहे. पण मी तोंड उघडलं आणि धम्मपालने माझं मनगट धरलं. आपलाच माणूस आहे, कशाला अडवा, असं वाटून मी गप्प बसलो. ते गप्प बसणं मला अजून टोचतं.

मग तालीम. एवढी मोठी गाडी चालवलेला माणूस, पण छोटी गाडी हातात घेऊन त्याला बराच काळ झाला होता. निवृत्तीने आपली जुनी पांढरी मोटार आणली आणि आम्ही सकाळी आठला सातपूरच्या मोकळ्या मैदानावर गेलो. निवृत्ती आणि मी कट्ट्यावर बसलो, ती दोघं गाडीत.

धम्मपालने आधी गाडीभोवती एक चक्कर मारली. चारही टायरना पाय लावून बघितलं, खाली वाकून तेल गळतंय का ते बघितलं. मग आत बसला, सीट पुढे-मागे केली, आरसा पुसला, इंजिन चालू केलं. आणि थांबला. गाडी हलेना.

"काय झालं रे?" मी निवृत्तीला विचारलं. "बंद पडली?"

निवृत्ती हसायला लागला. "बंद कुठली. बेलची वाट बघतोय तो."

एसटीत कंडक्टर दोरी ओढतो. एक घंटी वाजली की थांब, दोन वाजल्या की चल. मागचं दार लागलं, म्हातारी चढली, पोरगं आत आलं, हे ड्रायव्हरला दिसत नाही. कंडक्टरला दिसतं. म्हणून त्याच्या डबल बेलशिवाय गाडी काढायची नाही. धम्मपालच्या पायातच ते बसलं होतं. क्लच दाबलेला, गिअर टाकलेला, आणि पाय काही सुटेना.

आत काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. पण वहिनींनी उजव्या हाताच्या बोटाने समोरच्या डॅशबोर्डवर दोनदा टकटक केलेलं दिसलं, आणि गाडी लोण्यासारखी निघाली.

चार चकरा झाल्या. वहिनींचं तोंड सारखं चालू होतं. उतरल्यावर धम्मपाल तक्रार करत आला, "हिला कंडक्टर केलं तर ही कॉमेंट्री करते. डावीकडे खांब आहे, डावीकडे बाई चालली, डावीकडे कुत्रं बसलंय. मला दिसत नाही का?"

"मला मजा वाटते सांगायला," वहिनी म्हणाल्या.

मला वाटलं, बाई खूश आहे. निवृत्ती मात्र हसायचा थांबला होता आणि बुटाच्या टोकाने माती उकरत होता.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. रोहिणीवहिनींनी सांगितलं. धम्मपाल समोर बसला होता आणि दोनच ठिकाणी त्याने तिला अडवलं, ते पुढे येईलच.

कोलंबोच्या विमानतळाजवळ नेगोम्बो म्हणून गाव आहे, समुद्राकाठी. तिथे गाड्या भाड्याने देणाऱ्याचं छोटंसं ऑफिस, पुढे नारळाच्या सावलीत चार गाड्या लावलेल्या. सकाळची वेळ. तेजस्विनी कागदपत्रं घेऊन आत बसली होती. ऑफिसवाला झेरॉक्स काढत होता, त्याचं मशीन अडकत होतं. त्याने किल्ली आधीच देऊन टाकली. निळी गाडी, छोटी, धुऊन पुसून ठेवलेली.

धम्मपालने चक्कर मारली. चार टायर, तेल, दिवे. वहिनींसाठी दार उघडून धरलं. "हे जरा जास्त होतं," असं धम्मपालने इथे मला सांगितलं, "दार उघडून वगैरे काही धरलं नाही मी." वहिनी म्हणाल्या, "धरलंत." मी वहिनींवर विश्वास ठेवतो.

ती बसली. त्याने इंजिन चालू केलं. सीट, आरसा, क्लच, गिअर. समोर नारळाच्या झाडांमधून मोठा रस्ता दिसत होता. तो थांबला.

वहिनींनी हात मांडीवर ठेवले होते.

"बेल दे," तो म्हणाला.

त्यांनी हात उचलला नाही.

"रोहिणी, बेल दे की. तेजू येईल आता."

"तुमच्या उजव्या हाताला कोण आहे?"

"कोण आहे म्हणजे? ऑफिसच्या पायरीवर तो दुसरा माणूस उभाय. हातात कप आहे."

"आणि डावीकडे?"

तो मान वळवायला लागला.

"मान न वळवता सांगा."

त्याने समोर बघितलं. नारळाची झाडं, रस्ता, मधेच जाणारी रिक्षा. "तू आहेस," तो म्हणाला.

"मी आहे. माझ्या पलीकडे?"

वहिनींच्या दाराला लागून, खिडकीपासून हातभर अंतरावर, एक म्हातारी उभी होती. तिच्या टोपलीत निळी कमळं होती, विहारात वाहायला नेतात ती. गाडीत कोणी बसलं म्हणून ती विकायला पुढे आली होती आणि चांगली पाच मिनिटं तिथेच होती. एक फूल तिने काचेला लावलं होतं.

धम्मपालने मान वळवली आणि बघितलं. मग इंजिन बंद केलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तुम्ही डॉक्टरकडे गेलात त्याच्या आधीपासून."

"निवृत्तीने सांगितलं?"

"त्या बिचाऱ्याला कशाला ओढता? थेंबांची बाटली संपायला यायची तेव्हा पिशवीत नवीन कोण ठेवत होतं असं वाटलं तुम्हाला?"

त्याला वाटलं होतं निवृत्ती ठेवतो. एकदा त्याने निवृत्तीला थँक्यू म्हटलंही होतं आणि निवृत्तीला वाटलं होतं चहाबद्दल म्हणतोय. इतके दिवस दोघंही एकमेकांना चांगले समजत होते. डोळ्यांत थेंब मात्र रोहिणीवहिनींचे पडत होते.

"मग घरीच का नाही बोललीस?" तो म्हणाला. "इथवर कशाला आलीस? बोलायचं होतंस ना तिथे, तालमीच्या दिवशी."

"तेव्हा मैदान होतं. मोकळं. मी सांगत होते, तुम्ही चालवत होतात. मला वाटलं, असंच आठ दिवस सांगत राहीन. डावीकडे खांब, डावीकडे बाई." त्या थांबल्या. "आणि मलाही बसायचं होतं हो तुमच्या शेजारी. मला काय हौस नाही? पण आता बघते तर ती बाई माझ्या इतकी जवळ आणि तुम्हाला नाही. समजा माझी डुलकी लागली. समजा मी बोलायची विसरले. इथली पोरंबाळं रस्त्याने चालली असतील, त्यांनी काय केलंय आपलं?"

तो स्टिअरिंग धरून बसला होता. "अठ्ठावीस वर्षं," तो म्हणाला.

"एकही ओरखडा नाही," वहिनी म्हणाल्या. "माहीत आहे मला. डबल बेलशिवाय तुम्ही गाडी काढत नाही, हेपण माहीत आहे. म्हणून देत नाही."

इथे धम्मपालने तिला दुसऱ्यांदा अडवलं. मला म्हणाला, "नेते, एक सांगू? गाडी माझ्या हातात होती. किल्ली होती. मनात आणलं असतं तर पाय सोडायचा, बास. राग तर इतका आला होता, तुम्हाला येतो तसला. पण बेल नाही म्हटल्यावर पाय सुटेना. मी बघितलं सोडून. सुटेना."

मग वहिनींनी काच खाली करून एक कमळ घेतलं. म्हातारी गेली. दोघं तशीच बसून राहिली, बंद गाडीत.

"हे काय आहे?" वहिनींनी समोरची दांडी दाखवून विचारलं.

"वायपर."

"लावा."

त्याने लावला. ऊन पडलेल्या कोरड्या काचेवर वायपर करकरत फिरला. मग त्याने तिला इंडिकेटर दाखवला, गिअर कसे पडतात ते दाखवलं, तिचा हात गिअरच्या दांड्यावर ठेवून पहिला, दुसरा, तिसरा. ती म्हणाली हॉर्न वाजवा. त्याने वाजवला. पायरीवरच्या माणसाने दचकून कप सांडला. अशी दहा-बारा मिनिटं गेली असतील. वहिनी म्हणतात, आयुष्यात आम्ही दोघं एवढी लांब गेलो नाही.

तेजस्विनी फाइल घेऊन बाहेर आली तेव्हा धम्मपाल किल्ली घेऊन पायरीपाशी उभा होता.

"पप्पा, झालं सगळं. निघू या."

"बसने जाऊ," तो म्हणाला. "आईला छोट्या गाडीत मळमळतं."

"अहो पण गाडी हललीही नाहीये."

"म्हणूनच," धम्मपाल म्हणाला.

तेजस्विनी त्या दिवशी फार चिडली होती. दोघांशीही दुपारपर्यंत बोलली नाही. खरं काय ते तिला घरी परत आल्यावर कळलं. तिला आधी दाखवूनच मी हे छापायला देतो आहे.

अनुराधापूरची बस लाल होती. स्टँडवर ती आत वळून आली आणि धम्मपाल बोलता बोलता थांबला. त्याने कान दिला. मग जवळ जाऊन समोरच्या पत्र्यावर तळवा ठेवला आणि म्हणाला, "लेलँड." त्याच्या हरसूलच्या गाडीचं इंजिन असाच घसा खाकरायचं.

वर चढून ती दोघं ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पहिल्याच सीटवर बसली. ड्रायव्हरच्या घरची माणसं जिथे बसतात तिथे, असं धम्मपालच्या डोक्यात. खिडकीवर तिथल्या भाषेत काहीतरी लिहिलं होतं, ते कोणाला वाचता येणार? पुढच्या थांब्यावर एक वयस्कर भंतेजी चढले आणि सगळी बस या दोघांकडे बघायला लागली. ती जागा भिक्खूंची राखीव होती. दोघं हात जोडून ताडकन उभी राहिली. इतक्या घाईने, की वहिनींच्या हातातलं कमळ खाली पडलं. भंतेजींनी ते उचलून दिलं आणि मागे डाव्या रांगेतल्या सीटवरच्या दोन मुलांना खुणेने उठवून या दोघांना तिथे बसवलं. म्हणजे पुन्हा वहिनींच्या समोर, तिरकी, ड्रायव्हरची मान. पण या वेळी त्या ड्रायव्हरच्या मानेकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. त्या खिडकीशी बसल्या, डावीकडे. धम्मपाल त्यांच्या उजवीकडे.

"डावीकडे तळं आहे," त्या म्हणाल्या. "केवढं आहे बघा. आपल्या गंगापूर धरणाएवढं. काठाला बगळे."

"किती?"

"मोजू द्या की."

त्या बसमध्येही घंटी होती. एक वाजली की थांब, दोन वाजल्या की चल. पहिल्यांदा डबल बेल वाजली तेव्हा धम्मपालचा डावा पाय आपोआप क्लच सोडायला वर आला. ड्रायव्हरने आरशातून ते पाहिलं. ड्रायव्हरला ड्रायव्हर लगेच ओळखू येतो, तसलं ते बघणं. चहाला गाडी थांबली तेव्हा तो निळ्या शर्टातला ड्रायव्हर सरळ धम्मपालजवळ आला. याला सिंहली येत नाही, त्याला मराठी येत नाही. वहिनी सांगतात, दोघं चहाचा ग्लास संपेपर्यंत क्लचप्लेट, गिअरबॉक्स, ब्रेक लायनर, पाटे, रेडिएटर असं बोलत होते आणि मधे मधे मान हलवून हसत होते. शेवटी त्या माणसाने बोट दाखवून विचारलं, तुम्ही का चालवत नाही आता? धम्मपालने डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि तो बाजूला केला. त्याने ही गोष्ट परक्या माणसाला सांगितली, ती पहिल्यांदा. ड्रायव्हरने त्याच्या चहाचे पैसे दिले.

बोधिवृक्षापाशी ते कमळ वाहून झाल्यावर पुढची, कँडीवरून डोंगरात वर चढणारी बस मोठी अवघड होती म्हणे, वाघेऱ्यासारखी पण तिपटीने लांब. प्रत्येक वळणाला धम्मपालचा उजवा पाय फळीवर ब्रेक दाबत होता. नवव्या का दहाव्या वळणाला वहिनींनी आपला पाय त्याच्या पायावर ठेवला आणि बस वर पोचेपर्यंत काढला नाही.

"पायाला मुंग्या आल्या माझ्या," तो म्हणाला.

"येऊ द्या. त्याला चालवू द्या."

परत आल्यावर तो परवाना माझ्या हातात ठेवून म्हणाला, "नेते, त्या गाळ्यातल्या डॉक्टरला जाऊन भांडा आता. मी येतो बरोबर." गेलो आम्ही. ती गोष्ट वेगळी, लांबलेली, अजून संपलेली नाही. डोळ्यांच्या तपासणीला आता वहिनी बरोबर जातात आणि थेंबांची बाटली घरात फ्रिजच्या दारात असते, दिसेल अशी.

गेल्या महिन्यात ती दोघं हरसूलला गेली. वहिनींनीच मागितलं होतं. तुम्ही निम्मं आयुष्य जिथे झोपलात ते गाव मला दाखवलं नाहीत, म्हणाल्या. बाजाराचा दिवस होता, गाडी गच्च भरलेली. मलाही त्या बाजूला काम होतं. कंडक्टर निवृत्ती, त्याची दोन वर्षं राहिलीत. ड्रायव्हर नवीन, बत्तीस-तेहेतीसचा असेल. माणसं चढली, पाट्या चढल्या, दार लागलं. निवृत्तीने दोरीला हात घातला, मग काढला आणि वहिनींकडे बघितलं.

"वहिनी, तुम्ही द्या."

हे नियमात बसत नाही. हेच दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी तिथेच नियम म्हणून दाखवला असता. मी खिडकीबाहेर बघितलं.

वहिनींनी उभं राहून दोरी ओढली. एक वाजली. दुसरी येणारच म्हणून ड्रायव्हरने क्लच सोडला. मग त्यांनी जरा थांबून, नीट पकड घेऊन दुसरी ओढली. ती थांबायची घंटी समजून ड्रायव्हरने निघालेली गाडी कच्चकन दाबली आणि सगळे पुढे गेले. एक म्हातारी धम्मपालच्या अंगावर आली, डावीकडून.

"कोन हाय रं दोरीवर?" मागून कोणीतरी ओरडलं. "थांबवायची का न्यायची?"

धम्मपालने म्हातारीला सावरलं, तिची पिशवी पायाशी घेतली. मग वर बघून वहिनींना म्हणाला, "मधे थांबायचं नाही. दोन्ही सलग दे."

त्यांनी सलग दिल्या. गाडी निघाली.